नवीन मंडळी सुरू करताय? हॉल नंतर बघा, आधी कोअर टीम (सांगली-मिरज भागातल्यांसाठी)

नवीन मंडळी, म्हणजे चर्च, सुरू करायची म्हटलं की पहिली धावपळ हॉलची, मग नावाची, मग बॅनरची आणि मग कीबोर्ड कोण वाजवणार याची. तुमच्यासोबत कोण कोण आहे असं विचारलं तर उत्तर येतं, "येतील की लोक, देव पाठवेल." देव पाठवतो यात वादच नाही, पण पाठवलेल्या माणसांना बसायला खुर्ची कोण देणार, त्यांची पोरं कोण सांभाळणार, भाडं थकलं तर हॉलच्या मालकासमोर कोण उभं राहणार हे ठरलेलं नसेल तर हे सगळं पास्टर आणि त्यांच्या मिसेस यांच्याच गळ्यात पडतं, आणि वर्षभरात दोघं पण पार दमून जातात. मी कुपवाडकडं एका नवीन मंडळीच्या सुरुवातीच्या टीममध्ये होतो, आजही आहे, आणि आजूबाजूच्या काही सुरुवाती जवळून बघितल्यात, त्यावरून लिहितोय. सातारा-कराडकडच्यांना पण बरंचसं लागू पडेल.

माझं म्हणणं थोडक्यात असं. माणूस रविवारी किती छान प्रार्थना करतो हे बघून त्याला कोअर टीममध्ये, म्हणजे सुरुवातीपासून जबाबदारी उचलणाऱ्या मोजक्या माणसांत, घेऊ नका, बाकीच्या सहा दिवसांत कुणी बघत नसताना तो काय करतो ते बघा. खालच्या सगळ्या पायऱ्या यातूनच आल्यात.

१. आधी इथल्या जुन्या मंडळ्यांना भेटून या

आपला भाग काही रिकामा नाही. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८४९ पासूनचं, मिरजेत मिशनरी डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल सुरू केलं आणि त्याच्या आजूबाजूला ख्रिस्ती वस्ती वाढली, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी शेवटच्या काळात साताऱ्यात १९१७ ला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला. १९७० मध्ये वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली तेव्हा इथल्या कितीतरी जुन्या मिशनच्या मंडळ्या त्यात गेल्या. म्हणजे तुमच्या गल्लीत कुणाची तरी आजी आधीपासून उपासना-संगीत (गीतांचं पुस्तक) घेऊन चर्चला जातेय, आणि तुम्ही नवीन बोर्ड लावला की तिच्या पाळकसाहेबांच्या मनात पहिला प्रश्न येणार, हे आमची मेंढरं न्यायला आलेत का.

म्हणून बॅनर छापायच्या आधी तीन-चार पाळकांना घरी जाऊन भेटा. काय करणार, कुठल्या भागात करणार, कुठल्या लोकांसाठी करणार हे सरळ सांगा, आणि त्यांच्या मंडळीतलं कुणी आलं तर आधी त्यांना फोन करणार हे पण सांगा (आणि खरंच करा, नुसतं बोलू नका). तुमच्या मूळ मंडळीकडून आशीर्वादाचं पत्र मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर निदान भांडून निघू नका, कारण भांडून निघालेल्या माणसाच्या मागं भांडकुदळ लोकच आधी येतात.

याच भेटींमध्ये कळतं की खरी गरज कुठं आहे. कुपवाड एमआयडीसीत बाहेरून आलेले कामगार, मिरजेत शिकायला आलेल्या नर्सिंगच्या मुली, जत-आटपाडीकडून शहरात स्थायिक झालेली कुटुंबं, यातल्या बऱ्याच जणांना अजून कुठलीच मंडळी आपली वाटत नाही. त्यांच्यासाठी मंडळी काढणं आणि दुसऱ्याच्या तिसऱ्या बाकावरच्या लोकांसाठी काढणं, यात फार फरक आहे.

२. नावांची यादी करा, पण लगेच कुणाला बोलू नका

एक वही घ्या. ज्यांच्याबद्दल मनात येतं ती सगळी नावं लिहा, आणि प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहा, कुणी न सांगता काम करताना मी या माणसाला शेवटचं कधी बघितलं. समोर काही लिहिता आलं नाही तर नाव खोडू नका, पण थांबा.

बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये ६ व्या अध्यायात पहिली टीम कशासाठी निवडली आठवतंय का? ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार आली म्हणून. जेवणाच्या वाटपासाठी सात माणसं, आणि अट काय तर लोकांत नाव चांगलं पाहिजे, आत्म्यानं आणि ज्ञानानं भरलेली पाहिजेत. निर्गम १८ मध्ये मोशेचा सासरा इथ्रो पण हेच सांगतो, कर्तबगार, देवाला भिणारी, लाचेचा तिटकारा असलेली माणसं बघ. आवाज चांगला पाहिजे असं दोन्हीकडं कुठं नाही.

किती जण? माझ्या मते पाच ते सात कुटुंबं आणि दोन-तीन एकटे तरुण-तरुणी, एवढे पुरे. वीस-पंचवीस मोठ्यांची "कोअर" टीम म्हणजे ती कोअर नसतेच, ती छोटी मंडळीच झाली. यादीत सगळेच तिशीतले उत्साही लोक असतील तर सावध व्हा. एखादी साठीतली मावशी पाहिजेच, जी कुणालाही "बाळा, हे बरोबर नाही" म्हणू शकते आणि समोरचा ऐकून घेतो.

या चार प्रकारच्या लोकांना लगेच घेऊ नका. वाईट म्हणून नाही, घाई नको म्हणून.

- जुन्या मंडळीवर चिडून आलेला. पहिल्या महिन्यात हा सगळ्यात जास्त काम करतो, म्हणून फसायला होतं. त्याला आधी तिकडं समेट करायला सांगा, किमान प्रयत्न तरी करायला सांगा. गेला तर चांगलंच आहे.
- वर्शिप लीड करायला (उपासनेत पुढं उभं राहून गाणी घ्यायला) मिळणार म्हणून येणारा. त्याला महिनाभर खुर्च्या लावायला द्या आणि बघा.
- सगळं भाडं मी भरतो म्हणणारा. त्याचं अर्पण आनंदानं घ्या, पण एकट्याच्या पैशावर हॉल घेऊ नका. तो रुसला की हॉल गेला.
- तुमचे मेव्हणे, भाचे, चुलत भाऊ. एखादा ठीक आहे. तीन झाले की बाहेरच्याला ती घरची बैठक वाटायला लागते आणि तो गप्प बसतो.

३. रविवारची उपासना सुरू करायच्या आधी मधल्या वारी भेटायला लागा

ही पायरी लोकांना सगळ्यात जड जाते, कारण सगळ्यांना रविवार पाहिजे असतो. पण सहा ते नऊ महिने तरी जाहीर उपासना नको. आपापल्या मंडळीत रविवारी जा आणि आठवड्यातून एक दिवस कुणाच्या तरी घरी भेटा.

वार ठरवताना इथलं आयुष्य बघा. एमआयडीसीत प्रत्येकाची सुट्टी रविवारीच असते असं नाही, हॉस्पिटलच्या सिस्टर लोकांची ड्युटी दर आठवड्याला बदलते, साखर कारखान्यातला माणूस दिवाळीच्या आसपास हंगाम सुरू झाला की मार्चपर्यंत तीन पाळ्यांत अडकतो, आणि मार्केट यार्डात हळदीचा सीझन असेल तेव्हा तिथला हमाल किंवा मुनीम संध्याकाळी लवकर सुटेलच असं नाही. "कमिटमेंट नाही" असा शिक्का मारण्याआधी त्याचं ड्युटीचं वेळापत्रक विचारा. आमच्याकडं शेवटी बुधवार रात्र आणि शनिवार दुपार असे दोन गट करावे लागले, आणि महिन्यातून एकदा सगळे एकत्र. तेच बरं पडलं.

बैठकीत काय करायचं? दीड तास पुरे. गाणं एक-दोन, वचन, मग प्रत्येकाचा आठवडा कसा गेला, प्रार्थना, आणि शेवटची पंधरा मिनिटं कामाची. जेवण साधं ठेवा, पिठलं-भाकरी किंवा मसालेभात, कारण पहिल्या घरी मटण झालं की पुढच्या घराला टेन्शन येतं आणि ती वहिनी बैठकच नको म्हणते. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण यावरून कुटुंबं गळतात.

आणि याच काळात माणसं कळतात. छोटी छोटी कामं द्या, तारीख सांगून द्या आणि मग आठवण करू नका. सिव्हिलला ॲडमिट असलेल्या एकाला डबा नेऊन द्यायचा. नवीन आलेल्या कुटुंबाच्या मुलाला शाळेत ॲडमिशनला सोबत जायचं. पुढच्या घराची किल्ली आणून सतरंज्या टाकून ठेवायच्या. कुणी न विसरता केलं, कुणी करून चारचौघांत सांगितलं, कुणी न करता छान कारण दिलं, हे सगळं आपोआप दिसतं. सांगलीकरांसाठी अजून एक सोपा प्रश्न आहे, २०१९ आणि २०२१ च्या पुरात तुम्ही काय करत होता? कृष्णेचं पाणी ओसरल्यावर दुसऱ्याच्या घरातला चिखल काढायला गेलेला माणूस पुढं खुर्च्या उचलायला कधी लाजत नाही.

४. घरी जाऊन, नवरा-बायको दोघांसमोर, स्पष्ट विचारा

दोन-तीन महिने बघितल्यावर मग विचारायचं. फोनवर नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नाही. ग्रुपवर टाकलं की सगळे हात जोडलेला इमोजी आणि "आमेन" टाकतात, आणि त्या आमेनचा अर्थ नेमका काय हे कुणालाच माहीत नसतं.

घरी जा आणि दोघं असतील तेव्हाच बोला. असं काहीसं: "दादा, वहिनी, पुढच्या एका वर्षासाठी तुम्ही आमच्यासोबत उभं राहावं असं वाटतं. आठवड्याला एक संध्याकाळ, रविवारची सकाळ, जमेल तसं नियमित अर्पण आणि एक ठरलेलं काम. वर्षानंतर परत बसू, तेव्हा थांबायचं असेल तर कुणी नाव ठेवणार नाही. आज उत्तर देऊ नका, पंधरा दिवस प्रार्थना करा." आणि मग खरंच गप्प बसा. वहिनी काय बोलतात ते जास्त लक्ष देऊन ऐका. दादा लगेच हो म्हणाले आणि वहिनी आत चहा टाकायला गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत, तर ते उत्तर "नाही" असं धरा.

घरात एकच जण विश्वासात असेल, नवरा किंवा सासूबाई नसतील, तर त्या बहिणीला घरात भांडण होईल एवढं काम देऊ नका. तिच्या घरच्यांना भेटा, ओळख करा, रात्रीची बैठक जमत नसेल तर दुपारचं काम द्या. टीमसाठी कुणाचं घर पणाला लावायचं नाही.

हो म्हणाले की एका पानावर लिहून काढा. भाषा साधी पाहिजे, कोर्टाची नको. त्यात पाच गोष्टी येऊ द्या: किती काळ, कुठलं काम, भांडण झालं तर आधी त्याच व्यक्तीशी बोलायचं आणि मागं बोलायचं नाही, पैशाचा हिशोब कुणालाही बघता येईल, आणि सोडायचं असेल तर महिनाभर आधी सांगायचं. दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत त्यांना द्या. "ब्रदर, आपल्यात सह्या कशाला" असं म्हणणारे भेटतील. त्यांना सांगा, विसरू नये म्हणून.

५. कामं वाटा, पदं नंतर

पहिल्या वर्षी "वडील", "डीकन", "सेक्रेटरी" असलं काही नको. १ तीमथ्य ३ मध्ये नवशिक्याला अध्यक्षपद नको आणि सेवकांची आधी पारख करा असं स्पष्ट आहे, आणि आपल्याकडं एकदा दिलेलं पद काढून घेणं म्हणजे दोन पिढ्यांचं वैर. फक्त कामाचं नाव वापरा: किल्ली आणि हॉल, मुलं, चहा आणि स्वागत, गाणी, हिशोब, भेटीगाठी. एका कामाला दोन माणसं, कारण लग्नसराईत एक नक्की गावाला असतो.

मुलांच्या कामाबद्दल एक कडक नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. मुलांसोबत कधीच एकटा मोठा माणूस नको, किमान दोघं, आणि ते एकाच घरातले नकोत, दार उघडं. पॉक्सो (लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणारा) कायदा २०१२ चा आहे, टीमला एकदा बसवून त्याची माहिती द्या. कुणाला याचा राग आला तर त्याला मुलांचं काम देऊ नका, विषय संपला.

६. पैसा आणि कागदपत्रं

अर्पण दोन वेगवेगळ्या घरच्या माणसांनी तिथंच मोजायचं, वहीत लिहायचं, दोघांनी सह्या करायच्या. पास्टरनी पैशाला हात लावायचा नाही, हे पास्टरच्याच संरक्षणासाठी आहे. पास्टरच्या किंवा कुणाच्याही वैयक्तिक फोनपे-जीपेवर अर्पण घ्यायची सवय लागली की ती सुटत नाही, आणि दोन वर्षांनी कुणीतरी विचारतं की त्या पैशाचं काय झालं, तेव्हा प्रामाणिक माणसाकडं पण दाखवायला काही नसतं.

ट्रस्ट करायचाच आहे, पण टीम मुरल्यावर करा. घाईत पहिल्या महिन्यातच सात नावं टाकली आणि त्यातली तीन वर्षात गेली, तर प्रत्येक बदलासाठी धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (बदलाचा अर्ज) द्यावा लागतो आणि गेलेल्या माणसाच्या सहीसाठी हेलपाटे सुरू होतात. साधारण पद्धत अशी की १८६० च्या सोसायटी कायद्याखाली किमान सात सभासद घेऊन संस्था नोंदवतात आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ट्रस्ट म्हणून नोंद होते. सांगली आणि सातारा दोन्हीकडं धर्मादाय कार्यालय आहे. हे काम करणारा वकील गाठा, आणि जवळ ठेवा:

- सगळ्या सभासदांचे आधार, पॅन, फोटो
- संस्थेची घटना आणि नियमावली (नेटवरून उचललेली नको, वाचून घ्या, विश्वस्त कसे बदलायचे ते कलम दोनदा वाचा)
- पत्त्याचा पुरावा: लाइट बिल आणि जागामालकाचं संमतीपत्र
- पहिल्या सभेचा ठराव, सह्यांसह
- नंतर संस्थेचं पॅन आणि दोन सह्यांचं बँक खातं

विश्वस्तांमध्ये पास्टर, मिसेस, मुलगा, जावई असं करू नका. कायद्यात बसलं तरी मंडळीत बसत नाही.

परदेशातून कुणी "मदत पाठवतो" म्हटलं तर एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) परवानगी नसताना एक रुपया पण घेऊ नका, ना संस्थेच्या खात्यावर ना कुणाच्या वैयक्तिक खात्यावर. असे पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात, २०२० च्या दुरुस्तीपासून. शिवाय बाहेरच्या पैशावर उभी राहिलेली टीम पैसा थांबला की पांगते, तो भाग वेगळाच.

७. शेजारी, हॉलमालक आणि गैरसमज

हॉलमालकाला तिथं प्रार्थना होणार आहे हे आधी सांगा आणि करारात लिहून घ्या. "कल्चरल प्रोग्राम" म्हणून हॉल घेतला आणि नंतर मालकाला कळलं तर चूक तुमचीच. आवाज खिडकीबाहेर जाऊ देऊ नका, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हा नियम सगळ्यांनाच आहे. शेजारच्या काकांना टीममधल्या दोघांनी जाऊन भेटावं, नाव-नंबर देऊन यावं. गाड्या कुणाच्या दारात लावायच्या नाहीत.

यापुढं जे लिहितोय ते टीमनं एकत्र बसून ठरवायचं आहे, कारण एकट्या पास्टरनी पाळून उपयोग नाही. उपासनेला येण्याच्या बदल्यात धान्य, फी, नोकरी, काहीही द्यायचं नाही, तसं सुचवायचं पण नाही. मदत करायची तर येणारा असो वा नसो, गरज बघून. आजारी माणसासाठी प्रार्थना करा, पण गोळ्या बंद कर असं टीममधल्या कुणीही कधीच म्हणायचं नाही, मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात तर मुळीच नाही. घरच्यांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलांना बैठकीला आणायचं नाही. आणि कुणी जातीच्या दाखल्याबद्दल, सवलतींबद्दल विचारलं तर अर्धवट सल्ला देऊ नका, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणं ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही, हा त्याच्या पोराबाळांच्या आयुष्याचा प्रश्न आहे, त्याला सरळ चांगल्या वकिलाकडं न्या आणि निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या.

८. टीममधून लोक जाणारच

बायबलमधल्या गिदोनाकडं लढाईला ३२ हजार आले होते, राहिले ३००. तुमच्याकडं बारा आले आणि सात राहिले तर फार वाईट नाही. कुणाची पुण्याला बदली होते, कुणाचं लग्न होतं, कुणाला जमत नाही. जाणाऱ्याला सगळ्यांसमोर प्रार्थना करून, जेवायला घालून पाठवा. जो रागानं गेला त्याच्याबद्दल ग्रुपवर एक अक्षर लिहायचं नाही आणि दुसऱ्याला लिहू द्यायचं नाही. राहिलेले लोक हेच बघत असतात, की मी गेलो तर माझ्याबद्दल काय बोलतील.

भांडणं बहुतेक वेळा शिकवणीवरून होत नाहीत. गाणी कुठली घ्यायची, जुनी मराठी की नवीन हिंदी, चहा कुणी केला, कुणाच्या मुलाला ख्रिसमसच्या नाटकात मोठा रोल, यावरून होतात. पास्टरनी लगेच निकाल देऊ नये, आधी त्या दोघांना एकमेकांशी बोलायला पाठवावं. तो कागद त्यासाठीच सही करून घेतलाय.

९. पहिली जाहीर उपासना कधी

डिसेंबरमध्ये नको, सगळे आपापल्या जुन्या मंडळीत कॅरल आणि ख्रिसमसला जाणार. मे मध्ये निम्मी टीम लग्नात. जुलै-ऑगस्टला पावसाचा आणि नदीचा भरवसा नाही, आणि गणपती-नवरात्रात हॉल मिळत नाही. मला जानेवारीचा दुसरा-तिसरा रविवार बरा वाटतो, दहावी-बारावीच्या परीक्षांच्या आधी. त्याआधी चार रविवार बाहेरच्या कुणालाही न बोलावता पूर्ण उपासना घेऊन बघा, अगदी हॉल उघडण्यापासून कुलूप लावेपर्यंत, आणि त्यातल्या एका रविवारी पास्टरनी मुद्दाम येऊ नये. त्या दिवशी सगळं नीट पार पडलं तर तारीख जाहीर करा. नाही पडलं तर हॉलचं बुकिंग पुढं ढकला, ॲडव्हान्स गेला तर जाऊ दे.

पहिल्या रविवारी उत्सुकतेनं आलेले, पाहुणे, दुसऱ्या मंडळीतून आशीर्वाद द्यायला आलेले असे बरेच असतील, तो आकडा धरू नका. सोमवारी संध्याकाळी टीमला बसवा, नवीन आलेल्यांची नावं कुटुंबांमध्ये वाटून घ्या, प्रत्येकाला आठवड्याच्या आत एक फोन किंवा भेट, हिशोबाची वही वाचून दाखवा, आणि कितीही दमला असाल तरी त्या आठवड्यातली बुधवारची बैठक रद्द करू नका.